नाक्यावरची कोप

माझे सासरे ईश्वरप्पा येळवशीच्या चार दिवस आधी आमच्याकडे हदगावला आले. हातात एक कापडी पिशवी, तीत दोन धोतरं. पिशवी बघूनच मी ओळखलं की हा माणूस राहायला आलेला नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण लिहिताना चालतं म्हणून लिहिते: मन्मथ, हदगावच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर. दिवसभर भोंग्यावरून साऱ्या गाड्यांना हुकूम सोडणारा माणूस, पण बापापुढं हाताची घडी आणि तोंडावर बोट. हे विचारणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून मीच विचारलं.

"अप्पा, ट्रंक कुठंय?"

"खोलीवर हाय. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी लातूरच्या गाडीत बसवून द्या."

ही खोली म्हणजे लातुरात गंजबाजाराच्या मागं घेतलेली भाड्याची खोली. दिवाळीआधी अप्पा तिथं मोरीत पाय घसरून पडले होते. शेजाऱ्यांनी दार फोडून बाहेर काढलं, आणि आम्हाला कळलं ते आठवड्याने. तेव्हापासून ह्यांची झोप उडाली होती. अप्पांनी आमच्याकडे कायमचं राहावं एवढीच आमची इच्छा, आणि नेमकी तीच गोष्ट अप्पांपुढं काढायची सोय नव्हती.

तसं बघितलं तर त्यांचा राग आमच्यावर नव्हताच. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा अप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. आता कामासाठी उस्मानाबादला खेटे घालायला नकोत म्हणून मिरवत होते. मग नव्या कचेऱ्यांना आणि साहेबलोकांच्या घरांना जागा लागली, मोजणीवाले आले, आणि गावालगतचं अप्पांचं शेत त्यात गेलं. मोबदला मिळाला, वेळेवर मिळाला, तक्रारीला जागा नव्हती. तक्रारीला जागा नसली की माणूस जास्त कुढतो.

त्यात आली येळवस. लातूरकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हदगावात मात्र सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर, उदगीर, औसा, निलंगा, सगळीकडची दुकानं बंद आणि माणसं शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कोप उभारायची, म्हणजे कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली खोपी. तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, शेतात आंबील शिंपडायची, आणि मग सगळ्या शेंगा-पाल्याची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर. रस्त्याने चाललेल्या माणसाला हाक मारून पंगतीला बसवायचं, ओळख असो नसो. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. हदगावच्या कापसाच्या मुलखात ही अमावस्या नुसती येते आणि जाते.

"लातुरात तुम्हाला बोलवणारे काय कमी होते?" मी अप्पांना म्हटलं.

"बोलवतेत की. समदे बोलवतेत. पण मी जन्मभर दुसऱ्याला हाक मारली. आता दुसऱ्याच्या कोपीत पाव्हणा होऊन बसू? त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं."

म्हणजे आमच्याकडे आले ते लेकाच्या ओढीने नव्हे, येळवस टाळायला. पोरं आजोळी उदगीरला गेलेली, घर मुकं, अप्पा दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसलेले. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी ह्यांना सांगून टाकलं, "येळवस करायची. इथंच करायची. अप्पांना यजमान करायचं."

"शेत कुठंय आपल्याला?"

"ते बघते मी. तुम्ही कडब्याचं बघा."

शेताचा प्रश्न सोडवला शेजारच्या विमलताईंनी. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. नवरा माधवराव सुट्टीच्या दिवशी पेपरातून डोकं काढत नसे, त्यामुळं बाहेर पडायचं म्हटलं की ताईंचा पाय आधी चपलेत. त्या म्हणाल्या, "नदीवर चला की. नाक्याच्या उद्यानात. तिथं काळं कुत्रंसुद्धा येत नाही."

उमरखेडच्या रस्त्याला पैनगंगेच्या काठावर हे उद्यान होतं. लिंबाची चार झाडं, सिमेंटची दोन बाकं, एक घसरगुंडी, तिची शिडी कुणीतरी नेलेली. मधोमध निजामाच्या वेळचा करोडगिरीचा नाका: उंच दगडी ओटा, दोन खोल्या आणि कमानीची ओसरी. पैनगंगा तेव्हा हद्द होती. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजाच्या अमलातलं वऱ्हाड. नदी उतरणाऱ्या प्रत्येक गाडीची इथं झडती व्हायची आणि मालावर जकात बसायची. शेवटच्या वर्षी तर रझाकारांच्या भीतीने लोक पोराबाळांसकट ही नदी ओलांडून पलीकडे जात. विमलताई हे सगळं वर्गात सांगायच्या. पोरांना त्यातली घसरगुंडी तेवढी माहीत होती.

कडबा माझ्या भावाने, गुरुलिंगने दिला. अशा दुष्काळाच्या वर्षी कुणी कुणाला कडब्याची काडी देत नाही, पण त्याने आपल्या गंजीतून पंचवीस पेंढ्या काढून एस.टी.च्या टपावर चढवल्या. वर निरोप पाठवला, "ताई, साडी मागितली असतीस तर स्वस्तात सुटलो असतो." कडबा उदगीरहून मुखेड, मुखेडहून नांदेड, नांदेडहून हदगाव असा प्रवास करत आला. कंट्रोलरसाहेबांचा माल म्हणून प्रत्येक कंडक्टरने जपला. एक जण सांगत होता की मुखेडच्या स्टँडवरून गाडी सुटली तेव्हा दोन म्हशी मागोमाग पार रस्त्यापर्यंत आल्या.

अप्पांना आम्ही आदल्या दिवशी दुपारी सांगितलं. ते आधी रागावले. "नदीकाठच्या बागंत येळवस? पिकात करायची असती ती. बागंत लोक फुगे घेऊन जातेत." मग टपावरच्या पेंढ्या खाली उतरताना त्यांनी बघितल्या. एक पेंढी हातात घेतली, वास घेतला. "उदगीरचा हाय. काळ्या रानातला." एवढं बोलून धोतर खोचलं आणि स्वतःच पेंढ्या मोजायला लागले. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

विमलताई धरून आम्ही चौघं कडबा, भांडीकुंडी आणि पांघरुणं घेऊन दिवस असतानाच नाक्यावर पोचलो. रात्र तिथंच काढायची होती, कारण भज्जी पहाटे चुलीवर चढली पाहिजे. दारात वॉचमन शेषेराव आडवा आला. खाकी शर्ट, खाली धोतर, हातात दंडुका. ह्याचा बाप निजामाच्या काळी ह्याच नाक्यावर शिपाई होता, त्यामुळं झडती घेणं रक्तातच.

"काय काय माल हाय?" त्याने विचारलं.

"माल न्हाई, देवाचं हाय," अप्पा म्हणाले.

"उद्यानात बांधकामाला मनाई हाय."

"ह्येला बांधकाम म्हणतेत? उद्या सांजच्याला दिसणार बी न्हाई."

शेषेराव मानेना. तेव्हा विमलताई पुढं झाल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "शेषेराव, तुमची सुमन यंदा दहावीला ना? माझ्याच वर्गात आहे ती." शेषेरावाने दंडुका बगलेत धरला आणि एक पेंढी स्वतः उचलून आत नेली.

नदी म्हणायची ती फक्त नावाला. ह्या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू, मधे ओट्याच्या बरोबर खाली एक डोह तेवढा शिल्लक. पलीकडे उमरखेडकडची काळी रानं, कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या. सगळं गप्प. अप्पांनी काठावर फिरून जागा निवडली, डोहाच्या वर, लिंबाजवळ, तोंड पूर्वेला. मग कोप उभी करायला लागले. आम्ही पेंढ्या द्यायच्या आणि शिव्या खायच्या. ह्यांनी एक गाठ चुकीची मारली तर अप्पा म्हणाले, "तुझ्या गाड्या बी अशाच बांधल्यात का रं?" मोरीत पडून पाय दुखावलेला माणूस गुडघ्यावर बसून कडबा बांधत होता आणि कण्हायचं विसरला होता.

कोप उभी राहिली. मला तर ती बघून भरून आलं. शेत गेल्यापासून चार वर्षांत अप्पांच्या हातून एवढी धड गोष्ट घडलेली मी बघितली नव्हती.

जेवताना अप्पा ओसरीत पाय पसरून बसले आणि आपणहून बोलायला लागले. तरुणपणी, रझाकारांच्या वेळी, ते अशाच एका नाक्यावरून पसार झाले होते, तिकडं बार्शीच्या बाजूला. कडब्याच्या गाडीत, पेंढ्यांच्या मधे दडून. नाक्यावरचे शिपाई कडब्यात लोखंडी सळई खुपसून बघायचे.

"सळई हितं लागली," त्यांनी मांडी दाखवली. "वरडलो न्हाई. वरडलो असतो तर तुझा नवरा जन्माला आला नसता."

"बरं झालं वरडला न्हाईत," मी म्हटलं, "नाहीतर मला चांगला बोलका नवरा मिळाला असता."

अप्पा हसले. मोठ्याने, दात नसलेल्या तोंडाने. हे पण हसले. पण हसणं ओसरल्यावर अप्पा पांघरूण घेता घेता म्हणाले, "मन्मथ, परवाच्या लातूरच्या गाडीत खिडकीची जागा ठेव." आणि कूस बदलली. एवढी कोप बांधली, एवढे हसले, तरी गाडी काही चुकत नव्हती.

पहाटे मी आणि विमलताईंनी चूल मांडली. भज्जीला हिरवी तूर, वाल, हरभऱ्याचा पाला, जे जे शेतात उगवतं ते सगळं लागतं, आणि त्या वर्षी शेतात काहीच उगवलं नव्हतं. सगळा बाजार पालथा घालून जे मिळालं ते, बाकी कोरड्या डाळी भिजवून भागवलं. पण मापाचं काय करणार? लातूरच्या बाईला चार माणसांची भज्जी येत नाही. आमच्यात भज्जी पातेल्याने होते. विमलताई सारखं म्हणायच्या, "अहो शिवगंगा, खाणार कोण एवढं?" आणि मी म्हणायची, "बघू." आंबिलीचं मोठं मडकं रात्रीच कोपीशेजारी ठेवलं होतं.

उजाडताना अप्पांनी आंघोळ केली, भस्माचे पट्टे ओढले, आणि कोपीच्या समोर घोंगडीवर लिंगपूजेला बसले. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा. पूजा सुरू झाली की ती संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. माझी सासू म्हणायची, घर पेटलं तरी हे उठायचे नाहीत, विभूती लावून जळतील.

मी पाण्याला डोहावर उतरले. हंडा भरून वर आले आणि जे बघितलं त्याने हंडा हातातून सुटायचाच बाकी राहिला. कोपीची मागची भिंत नव्हती. त्या भोकातून एक कालवड अर्धी आत शिरलेली, शेपटी हलवत कडबा ओढून खात होती. आत पाच पांडव उघडे पडलेले. आणि समोर, चार हातांवर, अप्पा तळहातावर लिंग घेऊन बसलेले. डोळे सताड उघडे. तोंडातून अवाक्षर नाही.

"हाड, हाड," मी ओरडले. "अहो, उठा, कोप खाल्ली."

हे ओसरीतून पांघरुणासकट धावत आले. कालवड एक पाऊल मागं सरली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कोपीत तोंड घातलं. अप्पांनी उजवा हात वर करून आम्हाला थांबवलं. थांबवलं म्हणजे काय, तळवा दाखवला आणि तसाच धरला. मला वाटलं, पूजा मोडू नका म्हणतात. आम्ही दोघं मुकाट उभे, कालवड खाते आहे, अप्पा बघताहेत. असा तमाशा मी जन्मात बघितला नव्हता.

तेवढ्यात वाळूतून एक बाई धापा टाकत वर आली. पन्नाशीची, हातात दोरखंड, डोक्याला फडकं. नाव चांगुणा, पलीकडच्या काठावर तिचं रान, हे मागाहून कळलं. तिने कालवडीच्या गळ्यात दोर टाकला आणि आमच्याकडं वळून, जणू चूक आमचीच, असं विचारलं, "मोजणी व्हायची हाय का? आमी लवकर आलो का?"

"कसली मोजणी?" मी म्हटलं.

"चाऱ्याची. डेपो उघडला ना सरकारनं? काल सांजच्याला आमच्या गावातल्या एकानं पाहिलं, सरकारी बागेत कडबा उतरून राहिले म्हणून. साऱ्या गावाले सांगितलं आमी."

मी नदीकडं बघितलं. वाळूतून माणसं येत होती. बायका, बापे, आणि त्यांच्यापुढं गाई, बैल, एक म्हैस. हाडं मोजून घ्यावीत अशी जनावरं, पाय ओढत येणारी. दुष्काळात डोहाच्या काठावर, सरकारी जागेत, कडब्याचं घर बांधून ठेवायचं आणि वर त्याला पूजा घालायची, हे सुचायला लातूरचंच डोकं पाहिजे. मला रडावं की हसावं कळेना.

"अहो बाई, हा डेपो नाही," विमलताई सांगायला लागल्या. "हे देवाचं घर आहे. एक दिवसाचं."

चांगुणाने कोपीत डोकावून पाहिलं. "चाऱ्याचं देवघर? मंग आमची कालवड शहाणी म्हणा. देव ठेवले अन् घर तेवढं खाल्लं."

गडबड ऐकून शेषेराव दंडुका घेऊन आला. काय झालंय हे विचारायच्या आत त्याला गर्दी दिसली आणि अंगात बाप संचारला. दोन्ही हात पसरून तो वाटेत उभा राहिला. "थांबा. लायनीत उभे राहा. फकस्त नांदेड जिल्ह्याची जनावरं. यवतमाळ जिल्ह्यानं आपल्या डेपोवर जावं."

"अरे पण डेपोच नाही," हे म्हणाले. ह्यांनी त्या दिवशी स्वतःहून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही कुणी ऐकलं नाही. पलीकडची माणसं शेषेरावाशी भांडायला लागली. नदी कोरडी आहे तर हद्द कुठं आहे ते दाखव, असं एक म्हातारा म्हणत होता. शेषेराव दंडुक्याने वाळूत रेघ ओढत होता.

तेव्हा अप्पांची पूजा संपली. त्यांनी लिंग डोळ्यांना लावलं, चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली, पाण्याचा घोट घेतला. सगळं सावकाश, रोजच्यासारखं. मग उठले. मी मनाशी म्हटलं, आता फुटणार. वर्षभराचा एकुलता एक सण, जन्मभराचा मान, आणि तो एका कालवडीने खाल्लेला.

अप्पा कोपीपाशी गेले. वरची गाठ सोडली. एक पेंढी काढली, कंबरेत वाकून कालवडीपुढं टाकली. दुसरी काढली, एका म्हातारीच्या हडकुळ्या गाईपुढं टाकली.

"अप्पा," मी म्हटलं, "कोप..."

"बघत बसलो होतो मी," ते म्हणाले. "बोलता येत न्हवतं म्हून बघावं लागलं. नायतर दगुड घातला असता तिच्या टाळक्यात. पोट बघितलंस का तिचं? पाठीला लागलंय." मग माझ्याकडं वळून, जणू मीच अडाणी, म्हणाले, "येळवशीला रस्त्यानं चाललेल्याला हाका मारून बोलवावं लागतंय, शिवगंगा. हे तर समदे आपल्या पायानं आले. आन् तू कोप कोप काय करती?"

शेषेराव पुढं आला. "पण अप्पा, ते पलीकडच्या जिल्ह्याचे..."

"शेषेराव, तुझा बाप हितं कडब्यात सळया खुपसायचा. तू पेंढ्या वाट. चल."

शेषेरावाने दंडुका लिंबाला टेकवला आणि पेंढ्या वाटल्या. पंचवीस पेंढ्या त्या, कुणाला पुरणार? प्रत्येक जनावराला ओंजळ-दोन ओंजळी आल्या असतील. पण वाटणी मात्र अप्पांनी अशी चोख केली की भांडायला कुणाला जागा राहिली नाही. सर्वांत शेवटी एका वासराला. कोपीच्या जागी जमिनीवर पाच पांडव राहिले, वर आभाळ. अप्पांनी तिथंच हळदकुंकू वाहिलं, आंबिलीचं मडकं कलतं करून ओंजळी भरल्या आणि कोरड्या वाळूत, पलीकडच्या जनावरांच्या अंगावर, शेषेरावाच्या खाकी शर्टावरसुद्धा आंबील शिंपडली.

आणि मग त्यांना भरतं आलं. अप्पांना भरतं आलं की ते कानडीत जातात. दोन्ही हात वर करून ओरडायला लागले, "बर्री, बर्री, ऊटा माडरी." पलीकडच्या लोकांना कानडीचा ओ की ठो कळत नव्हता, पण हात तोंडाकडं नेऊन बोलावणारा म्हातारा कोणत्याही मुलखात कळतो. पंगत बसली. ओट्यावर, वाळूत, घसरगुंडीच्या खाली. भज्जी पुरवता पुरवता मी आंबिलीत पाणी घातलं, ह्यांनी उंडे वाढले, विमलताईंनी पदर खोचून खीर. पातेलं खरडून झालं तेव्हा विमलताई मला म्हणाल्या, "मी विचारत होते ना, खाणार कोण?" आणि स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

चांगुणा अप्पांच्या समोर बसली होती. भज्जी तिला आवडली नाही, हे तिने तोंडावर सांगितलं. "आंबट हाय अन् गुळमट हाय. पण पोट भरलं."

"तुझ्या रानात काय पेरलंस?" अप्पांनी विचारलं.

"पऱ्हाटी. वाळली सारी."

"सारी पऱ्हाटी? ज्वारीची एक बी ओळ न्हाई? मंग कालवड काय वाती खाईल?"

"माह्या मालकाले सांगा. वर गेला तो, तिकडं जाऊन सांगा." ती म्हणाली आणि आंबिलीचा पेला पुढं केला. अप्पांनी स्वतः तो पेला भरला. त्यांना असं उलट बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलेलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांची समजूत घालणारे.

दिवस कलला तशी माणसं वाळूतून परत गेली. रिवाजाप्रमाणं सांजच्याला कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती पळवायची असते. पेंढी उरली नव्हती. अप्पा म्हणाले, "उरली असती तरी पेटवली नसती. आवंदा खायच्या वस्तूला आग लावायला आपुण काय येडे हाव?" मग घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीतून रानं बघत बसले. मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील, की राहतो. म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते, तर मला सोसलं नसतं.

सकाळी उठले तर अप्पांचं अंथरूण घडी घातलेलं आणि खुंटीवर पिशवी नाही. हे घाबरून तसेच डेपोकडं धावले. लातूरची गाडी लागली होती, खिडकीची राखलेली जागा रिकामी. नांदेडच्या गाडीत नाहीत, जीपवाल्यांकडं नाहीत. हे परत आले आणि उंबऱ्यावरच बसले. "न सांगता गेले," म्हणाले. "मी कधी तोंड उघडून राहा म्हटलं नाही. त्यांना वाटलं असेल, नकोय ह्याला."

मला ह्यांचा राग आला आणि कीवही आली. "तोंड आत्ता उघडताय. चला," मी म्हटलं. "अप्पा आंघोळ केल्याशिवाय लातूरची गाडी धरायचे नाहीत, आणि मोरी कोरडी आहे. नाक्यावर डोहाला गेले असतील."

उमरखेडच्या गाडीने आम्ही नाक्यावर उतरलो. शेषेराव दारातच भेटला. "तुमचे अप्पा पलीकडं गेले," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मला सांगितलं बी न्हाई."

आम्ही वाळू तुडवत पलीकडचा काठ चढलो. चांगुणाच्या रानात, वाळक्या पऱ्हाट्यांच्या मधे, दोघं उभी होती आणि भांडत होती. अप्पांची पिशवी बांधावर पडली होती, धोतरं त्यातच. अप्पा हाताने हवेत चौकोन काढून काहीतरी दाखवत होते आणि चांगुणा मान हलवून नाही म्हणत होती.

"अप्पा," हे लांबूनच म्हणाले, आणि आवाज फाटला. "गाडी गेली लातूरची."

"जाऊ दे की. रोज जाती," अप्पा म्हणाले. त्यांनी ह्यांच्याकडं नीट बघितलं आणि आवाज खाली आला. "आरं, पुढच्या वर्षीची जागा बघायला आलो होतो कोपीची. ही बाई ऐकत न्हाई, म्हणती माझ्याच रानात. मी म्हणलं, आसं कर. नदीला पाणी आलं तर तिकडं नाक्यावर करू, न्हाई आलं तर हितं."

हे खाली वाकले, बापाची पिशवी उचलली आणि तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं मोठ्याने म्हणाले, "अप्पा, घरी चला."

"चल की," अप्पा म्हणाले. "भूक लागलीया."